फोटोत न आलेला प्रवास

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतल्या वाळवंटातली भटकंती’ असा विषय दिलाय. त्याला कारण मीच. गेल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या गटावर मी रोज दोन-चार फोटो टाकत होते. पांढरी वाळू, माणसापेक्षा सहापट उंच निवडुंग, आणि शेजारी आमची ती घरासारखी गाडी. तुम्ही भरभरून अंगठे दिलेत. कुणी लिहिलं, ‘मज्जा आहे बाबा तुमची’. कुणी विचारलं, ‘एवढी सुट्टी कशी मिळते गं?’ मी लिहिलं, ‘मोठी सुट्टी घेतलीय.’

ते खोटं होतं. सुट्टी मी घेतली नव्हती, माझी नोकरी गेली होती. आज भटकंतीबद्दल बोलायचं तर ते गाळून बोलता येणार नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते.

सतरा वर्षं एकाच कंपनीत होते. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी आठ वाजता पंधरा मिनिटांची व्हिडिओ मीटिंग झाली आणि साडेनऊला लॅपटॉप बंद पडला. माझ्यासारखे आणखी बरेच होते. पैशाच्या बाजूनं फार वाईट झालं नाही, काही महिन्यांचा पगार हातात होता आणि नवऱ्याची नोकरी चालू होती. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी साडेसहाला उठून, आवरून, चांगले कपडे घालून टेबलापाशी बसत होते. समोर काहीच नसायचं. लेक नुकतीच कॉलेजच्या वसतिगृहात गेलेली, घर रिकामं. गावाकडं आईला सांगितलं नाही आणि तुम्हाला तर नाहीच. आपल्या शाळेतून इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेलेली मुलगी, असं माझं नाव फळ्यावर लिहिलं होतं ना एकदा, ते डोळ्यांसमोर यायचं.

जानेवारीत नवरा म्हणाला, “मी सहा आठवडे बिनपगारी रजा टाकतो. एक आर.व्ही. भाड्यानं घेऊ आणि निघू.”

आर.व्ही. म्हणजे चालतं-फिरतं घर. आमची गाडी पंचवीस फुटांची होती, आपल्या लाल एस.टी.पेक्षा आखूड. आत पलंग, ओटा, फ्रीज, हातभर लांबीचं न्हाणीघर. पेट्रोल लिटरला चारेक किलोमीटर. चाळीस दिवसांत सुमारे पाच हजार किलोमीटर फिरलो. सान होजेहून निघून कॅलिफोर्निया, नेवाडाचा एक कोपरा, अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि परत. वाळवंटात जायचं ते थंडीतच. उन्हाळ्यात तिथं जीव जातो. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलंय.

आता पाण्याची गोष्ट. या गाडीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक मोरीतल्या सांडपाण्याची, एक संडासाची. आमची चांगल्या पाण्याची टाकी दीडशे लिटरची होती. नवरा मुंबईत वाढलेला, नळाखाली वाढलेला. डेथ व्हॅलीतल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शॉवरखाली गाणं म्हणत होता आणि गाणं अर्धवट राहिलं. टाकी कोरडी! साबणानं माखलेला माणूस आत, आणि मी बाहेर हसतेय. पिण्याच्या कॅनमधलं पाणी तांब्यानं ओतून त्याला बाहेर काढला.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा कारभार माझ्याकडं आला. आपण माणदेशातली माणसं. टँकर आला की घागरी घेऊन पळालेल्या पोरी आपण. भाजी धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात, अंघोळ एका लहान बादलीत, दात घासताना नळ बंद. तीच दीडशे लिटरची टाकी आम्ही पुढं सहा-सहा दिवस पुरवली. जोशुआ ट्री नॅशनल पार्कात तर बहुतेक मुक्कामाच्या जागी पाणीच नसतं, बाहेरून भरून न्यावं लागतं. तिथं शेजारच्या गाड्या दोन-तीन दिवसांत पाणी आणायला जायच्या. आम्ही हललो नाही. नवऱ्यानं त्याच्या मित्राला फोनवर सांगितलं, “माझ्या बायकोकडं दुष्काळातली डिग्री आहे.” इतक्या महिन्यांत कुणीतरी माझ्या डिग्रीचं नाव काढल्याचा आनंद झाला.

सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची ठरावीक जागा असते. तिथं हातमोजे घालून जाड पाईप जोडायचा, आधी संडासाची टाकी सोडायची आणि मग मोरीची, म्हणजे तिच्या पाण्यानं पाईप धुऊन निघतो. दोघांनी मिळून चाळीस-एक वर्षं सॉफ्टवेअर लिहिलेलं, आणि पहिल्यांदा ते काम करायला आम्हाला पाऊण तास लागला. मागं सात गाड्यांची रांग होती.

भूगोलाच्या बाई इथं समोर बसल्या आहेत. बाई, नववीत तुम्ही आम्हाला मैदानात नेऊन पश्चिमेकडं हात केला होता. ढग तिकडं सह्याद्रीला अडतात, पाऊस तिकडंच सांडतो, आपल्या वाट्याला कोरडा वारा येतो, आपण डोंगराच्या सावलीत राहतो, असं सांगितलं होतं. डेथ व्हॅलीतल्या माहितीफलकावर अगदी तेच होतं. पॅसिफिक समुद्रावरून येणारे ढग सिएरा नेवाडा आणि त्यामागच्या डोंगररांगा एकापाठोपाठ एक पिळून घेतात. या दरीपर्यंत काही उरत नाही. वर्षाला जेमतेम पन्नास मिलिमीटर पाऊस. आपल्याकडं वाईट वर्षातसुद्धा याच्या कितीतरी पट पडतो. मी नवऱ्याला तो फलक मराठीत समजावून सांगितला, तुमच्यासारखा हात करून.

त्याच दरीत बॅडवॉटर नावाची जागा आहे. समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली. मिठाचं पांढरं मैदान. मान वर केली की कड्यावर उंच एक पाटी दिसते, ‘समुद्रसपाटी’. तिथं उभं राहून मी खिशातला फोन बघत होते. रेंज नव्हती.

आमचं भांडण तिथंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी एक मुलाखत होती, फोनवरून, आणि त्या उद्यानात बहुतेक ठिकाणी मोबाइल चालत नाही. मी म्हटलं, आत्ताच निघू. तो म्हणाला, “आपण वाळवंट बघायला आलोय की नेटवर्क शोधायला?” मी म्हटलं, “तुझी नोकरी आहे, म्हणून तुला वाळवंट दिसतं.” एरवी घरात भांडण झालं की एकजण दुसऱ्या खोलीत जातो. पंचवीस फुटांत दुसरी खोली नसते. रात्रभर दोघं जागे होतो, एकमेकांना ते माहीत होतं, आणि कुणी बोललं नाही.

पहाटे त्यानंच गाडी काढली. साठ-पासष्ट किलोमीटरवर, नेवाडा राज्यात, बिटी नावाचं छोटं गाव आहे. तिथं पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावून मी मुलाखत दिली. पलीकडचा मुलगा पंचविशीतला असेल. त्यानं एक कोडं घातलं, ते सोडवताना मी अडखळले. वीस मिनिटांत संपलं. नवरा बाहेर दोन कप चहा घेऊन उभा होता. त्यानं काही विचारलं नाही.

बिटीपासून सहा-सात किलोमीटरवर ऱ्हायोलाइट हे ओसाड गाव आहे. जवळच आहे म्हणून गेलो. १९०४ मध्ये तिथं सोनं सापडलं. दोन-तीन वर्षांत हजारो माणसं आली, वीज आली, रेल्वे आली, तीन मजली बँक उभी राहिली. १९०७ च्या आर्थिक संकटात पैसा आटला. १९११ मध्ये मोठी खाण बंद पडली आणि १९१६ मध्ये विजेच्या तारा उतरल्या. १९२० पर्यंत गावात जवळपास कुणी उरलं नव्हतं. बँकेच्या भिंती अजून उभ्या आहेत, खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसतं. मला मात्र शाळेपाशी थांबावंसं वाटलं. दोन मजली पक्की शाळा बांधून पूर्ण झाली १९०९ मध्ये, तोवर माणसं निघून जायला लागली होती. तिचे वर्ग कधी पूर्ण भरलेच नाहीत.

त्या पडक्या शाळेसमोर मी खूप रडले. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा.

तिथून दक्षिणेला जोशुआ ट्री, आणि मग अॅरिझोनातलं क्वार्ट्झसाइट. गाव तसं लहान, पण थंडीत आजूबाजूच्या सरकारी माळावर हजारो आर.व्ही. येऊन थांबतात. बहुतेक निवृत्त माणसं. उत्तरेत बर्फ पडला की खाली यायचं, ऊन तापलं की परत वर जायचं. मला आपले मेंढपाळ आठवले. पाऊसपाण्याच्या हिशेबानं मेंढरं घेऊन निघणारे, घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबडी आणि पोर. इथं घोड्याच्या जागी इंजिन.

या गावच्या दफनभूमीत दगडांचा एक पिरॅमिड आहे, त्याच्या टोकावर धातूचा उंट. खाली आहे हाजी अली. मुंबईतल्या दर्ग्यातले नव्हेत, हा सिरियाकडून आलेला उंटवाला. १८५० च्या दशकात अमेरिकन लष्करानं वाळवंटात सामान वाहायला उंट आणून पाहिले, त्यांच्याबरोबर हा आला. पुढं यादवी युद्ध झालं, उंटांचा प्रयोग गुंडाळला आणि याचं काम गेलं. मग त्यानं मालवाहतूक केली, लष्कराला वाटा दाखवल्या, सोनं शोधलं. तो तिथंच राहिला आणि १९०२ मध्ये वारला. लोकांना ‘हाजी अली’ म्हणता येईना, म्हणून त्याचं ‘हाय जॉली’ झालं, आणि स्मारकावरही तेच नाव आहे. माझ्या नावाचे गेल्या बावीस वर्षांत तिकडं जे हाल झालेत ते बघता मला तो सोयरा वाटला.

माळावर आमच्या शेजारी कॅनडातलं एक म्हातारं जोडपं होतं. संध्याकाळी शेकोटीपाशी बाईंनी सहज विचारलं, “काय करतेस?” मी “सॉफ्टवेअर इंजिनिअर” म्हणून थांबणार होते, पण तोंडातून निघून गेलं, “होते. नोव्हेंबरमध्ये काढलं.” परक्या माणसापुढं पहिल्यांदाच. म्हातारेबुवा शेंगा सोलत होते. म्हणाले, “पहिल्यांदाच का? माझी तीनदा गेली.” आणि शेंगांचं भांडं माझ्याकडं सरकवलं. विषय तिथंच संपला. मी चार महिने ज्याला इतकी भीत होते ते एवढंच होतं.

त्यानंतर आम्ही अॅहो नावाच्या गावी गेलो. मेक्सिकोची सरहद्द जवळ. ऑर्गन पाइप कॅक्टस हे राखीव वन बघायला जाताना वाटेत लागतं. तांब्याची मैलभर रुंद उघडी खाण, ती १९८५ मध्ये बंद पडली. गाव मेलं नाही. मधला चौक, पांढऱ्या कमानी, ताडाची झाडं आहेत तशी आहेत. तिथली जुनी भली मोठी शाळा पाडली नाही, तिच्या वर्गांची कलाकारांसाठी घरं केली. जिथं फळा होता तिथं कुणीतरी चित्रं लावतं.

त्या रात्री आठ वाजता मी आईला फोन लावला. इथं सकाळचे साडेआठ. सगळं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल, नाहीतर विचारेल की आता परत येणार का. आईनं एकच विचारलं, “किती दिस झालं?” मी म्हटलं, “चार महिने.” बराच वेळ शांत. मग म्हणाली, “चार म्हैनं एकटीच घिऊन बसलीस व्हय? मी काय मेले हुते?” आणि मग रागानं पंधरा मिनिटं दुसरंच बोलत राहिली. आजोबा सोन्याचांदीची गलाई करायला केरळात होते, तिथलं दुकान बसलं तेव्हा वर्षभर त्यांनी घरी कळवलं नव्हतं, उसनवारी करून पैसे पाठवत राहिले. हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या तालुक्यातल्या निम्म्या घरांतली माणसं अशी मुलखावर गलाईला गेलेली. मला वाटतं, प्रत्येक घरात असं एक वर्ष असेल, जे कुणी सांगत नाही.

टूसॉनजवळ सग्वारो नॅशनल पार्क आहे. हातवाले उंच निवडुंग सिनेमात पाहिले असतील, ते हे. बी रुजलं तरी पहिल्या दहा वर्षांत ते इंच-दीड इंचच वाढतं. तेही एकटं वाढत नाही, पालोवर्दे किंवा मेस्किटच्या झाडाखाली, त्या सावलीत. आपल्या माळावरची वेडी बाभूळ या मेस्किटच्याच कुळातली, मूळची अमेरिका खंडातली. पहिला हात फुटायला पन्नास ते पंच्याहत्तर वर्षं लागतात. अंगाला चुण्या असतात. पाऊस पडला की मुळं पाणी ओढतात आणि खोड भात्यासारखं फुगतं, दुष्काळात आक्रसतं. पासष्ट वर्षांचा एक सग्वारो बघितला, अजून सरळसोट खांब होता. नवरा म्हणाला, “याला अजून प्रमोशन मिळालं नाही.” मी हसले, आणि लक्षात आलं की नोकरीवरच्या विनोदाला हसले.

बिझबी या डोंगरातल्या गावाबद्दल थोडं सांगते, कारण तिथं मला माझं दुःख मोजता आलं. तिथल्या तांब्याच्या खाणी १९७५ मध्ये थांबल्या. मग चित्रकार आले, घरं स्वस्तात घेतली. पुढं तीच खाण पाहुण्यांना दाखवायचं काम सुरू झालं आणि दाखवायला जुने खाणकामगारच उभे राहिले. हे ऐकायला छान वाटतं. पण त्याच गावात १२ जुलै १९१७ रोजी संपावरच्या हजाराहून जास्त माणसांना बंदुकीच्या धाकानं गुरांच्या रेल्वेडब्यात कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडलं होतं. त्यांतले बरेचसे माझ्यासारखेच बाहेरून आलेले होते. मला कुणी डब्यात घातलं नाही. मला पगार देऊन, नमस्कार करून पाठवलं. लागलं ते खरंच होतं, पण किती लागलं याचं माप मी चुकीचं धरलं होतं.

परतीच्या वाटेवर पेट्रिफाइड फॉरेस्ट. वीस कोटी वर्षांहून जुनी झाडं, नदीच्या गाळात आणि ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेली. पाण्यात विरघळलेली सिलिका लाकडात भरत गेली आणि ओंडक्याचा दगड झाला. लाल, पिवळा, जांभळा. तिथून दगडाचा कपचासुद्धा उचलायला बंदी आहे, तरी लोक उचलतात. आणि मग कितीतरी जण पोस्टानं परत पाठवतात, सोबत माफीचं पत्र. लहान मुलांची पत्रं, म्हाताऱ्यांची पत्रं. पण परत आलेला दगड मूळ जागी ठेवता येत नाही, कारण ती जागा कोणती होती हे कुणाला माहीत नसतं. म्हणून त्यांचा वेगळा ढीग करून ठेवलाय.

तिथं बाकावर बसून मी आपल्या गटावर पुन्हा एक फोटो टाकला आणि खाली लिहायला घेतलं, ‘खरं तर माझी नोकरी...’ आणि पुसून टाकलं. तुम्हा चाळीस जणांना फोनवर लिहिण्याचं धाडस झालं नाही. नवरा म्हणाला, “डिसेंबरमध्ये जाणारेस ना, तोंडानं सांग.” तर आज हे माझं पत्र, आणि हा परत आणलेला दगड. उशीर झालाय, मूळ जागी बसणार नाही, पण परत आणला.

पुढचं थोडक्यात. ऑगस्टमध्ये मला काम मिळालं. कंपनी लहान आहे, पगार आधीपेक्षा बराच कमी, करार वर्षाचा. पुढच्या ऑगस्टला काय होईल सांगता येत नाही. सकाळी साडेसहाला अजून उठते. घरी नळाला भरपूर पाणी आहे, पण नवरा आता बादलीनं अंघोळ करतो आणि त्याचं कौतुक मला रोज करावं लागतं.

काल रात्री इथं आल्यावर आपण सात-आठ जणी जुन्या वर्गात बसलो होतो. मी हे सगळं त्यांना आधी सांगून बघितलं, सराव म्हणून. माझं संपलं तशी एकजण म्हणाली, “आमचं दुकान दोन वर्षांपूर्वी विकलं, मी कुठं बोलले?” मग दुसरी बोलली. पहाटे अडीच वाजता पहारेकरी दादांनी दिवे घालवले तेव्हा चौघींचं सांगून झालं होतं. बाकीच्यांचं आज जेवणानंतर, त्याच वर्गात. मुलग्यांनीही यायला हरकत नाही.

बाई, एक शेवटचं. नववीच्या सहामाहीत ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ या टीपेला तुम्ही मला चारपैकी दोन गुण दिले होते, उदाहरण एकच लिहिलं म्हणून. दुसरं उदाहरण मी आता बघून आले आहे. राहिलेले दोन गुण द्यावेत, ही नम्र विनंती.